‘माझे’ आणि ‘तुझे’
खेळगटात आपल्या दोन वर्षांच्या मुलाने दुसऱ्याच्या हातातली गाडी ओढली, की आपण सर्वांदेखत त्याला रागावतो. त्या क्षणी दुखावतो तो बहुधा आपला अहंकार! या वयाची मुले शेजारी-शेजारी बसून आपापलेच खेळतात. ‘माझे’ हा शब्द त्यांना नुकताच गवसलेला असतो. वाटून घेणे तीन-चार वर्षांची झाल्यावर हळूहळू उमजू लागते. म्हणून बाळाला जवळ घ्या, गाडी शांतपणे परत करा आणि ‘आधी त्याची पाळी, मग तुझी’ एवढेच सांगा. हे रोज सांगावे लागेल; हीच आपली साधना. रात्री ध्यानाला बसताना स्वतःलाही विचारूया: ‘माझे’ हा शब्द आपल्याला तरी कुठे सुटला आहे?