छेद किती धरायचा?

शनिवारी रात्री पवना धरणाच्या काठावर तंबूंची रांग लागते. बार्बेक्यू, गिटार, अंधारात तिकोन्याची आकृती. सकाळी ताटं-पातेली पाण्याकाठी घासली जातात. कोणी हटकलंच तर उत्तर ठरलेलं: ‘एवढ्या मोठ्या धरणात माझ्या साबणानं काय होणार आहे?’

गणित म्हणून हे उत्तर बरोबर आहे. धरणाची क्षमता साधारण साडेआठ टीएमसी, म्हणजे सुमारे २४ हजार कोटी लिटर. त्यात एकाच्या साबणातून आणि खरकट्यातून गेलेला एखादा ग्रॅम फॉस्फरस कोणालाही मोजता येणार नाही. मग जिचा परिणाम मोजताच येत नाही, ती कृती चूक कशी?

डेरेक पार्फिट या ब्रिटिश तत्त्वज्ञानं १९८४ मध्ये यासारखंच कोडं घातलं होतं. हजार जण एकेक बटण दाबतात. प्रत्येक बटणानं कैद्यांच्या वेदनेत जाणवणारही नाही इतकी भर पडते, पण सगळी मिळून असह्य छळ होतो. दोषी कोण? पार्फिट म्हणतो, ‘मी एकट्यानं काय केलं’ एवढंच विचारू नका, ‘आम्ही मिळून काय केलं’ हेही विचारा. पटतं, पण ऑफिसचा अनुभव असा की ‘सगळ्यांची जबाबदारी’ म्हटलं की ती कोणाचीच उरत नाही.

म्हणून मला दुसरीकडे बघावंसं वाटतं: आपण भागायला कोणता आकडा घेतला?

१९७३ मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओत डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी एका तळ्याच्या मधोमध पडदा लावला. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन सोडला, एकाच भागात फॉस्फरसही. तोच भाग शेवाळानं हिरवा झाला. एका ग्रॅम फॉस्फरसवर वाळल्या वजनाचं शंभरेक ग्रॅम शेवाळ पोसलं जाऊ शकतं. शिवाय नायट्रोजन वायू होऊन हवेत जाऊ शकतो. फॉस्फरस बराचसा गाळात बसतो आणि तळाचा ऑक्सिजन संपला की पुन्हा पाण्यात उतरतो. परवाच्या सहलीचा साबण यंदाचं शेवाळ पोसू शकतो.

म्हणजे आपला साबण लगेच २४ हजार कोटी लिटरमध्ये मिसळत नाही. आधी तो काठच्या उथळ पाण्यात राहतो, आणि एका रात्रीपुरता राहत नाही. छेदात अख्खं धरण आणि अंशात एकच रात्र, ही मांडणी आपल्या सोयीची आहे.

पाण्याकडे इतक्या लांबून बघणं सगळ्यांना परवडत नाही. पवनेचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध मावळातले शेतकरी ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ एक्स्प्रेस वेवर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले. मी वाकडला राहतो. माझ्या नळाला पवनेचंच पाणी येतं. ज्यांनी त्यासाठी जीव गमावला, त्यांच्या गावाशेजारी बसून ‘एवढ्यानं काय होतं’ म्हणणं मला जड जातं.

शेतातली खतं, रिसॉर्टचं सांडपाणी यांचा वाटा तंबूवाल्यांपेक्षा मोठा असू शकतो. तो नक्की विचारावा. पण दुसऱ्याचा वाटा मोठा निघाला म्हणून आपला शून्य होत नाही. पाणी कॅनमध्ये भरून काठापासून लांब, मातीवर भांडी घासायला दहा मिनिटं जास्त लागतात. एवढी तरी आपल्या हिशेबात धरता येतील.