अंगावर काढलेलं दुखणं

सुरतेतल्या उधन्याच्या गल्ल्यांतून दुपारी चालत गेलं की बऱ्याच उंबऱ्यांशी साड्यांचा ढीग दिसतो. नवरा लूमवर बारा तासांच्या पाळीला गेलेला असतो. बाई घरी बसून साडीला टिकल्या चिकटवते, सुटलेले धागे कापते. यातली कितीतरी कुटुंबं नंदुरबार-जळगावकडून ताप्तीच्या रेल्वे लाइनीनं आलेली. मजुरी नगावर मिळते, त्यामुळे कंबर भरून आली तरी बैठक मोडायची नाही. अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोटात कळ येतेय, हे फार तर शेजारणीच्या कानात सांगायचं. शेजारीण म्हणते, "चालायचंच, बाईचा जन्म आहे." कारण तिचंही तेच असतं.

या कुजबुजीची मोजदाद गडचिरोलीत झाली. डॉ. राणी बंग स्त्रीरोगतज्ज्ञ. नागपूरला एम.डी. आणि अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण. एवढ्या पदव्यांवर मोठ्या शहरात कुठंही बस्तान बसलं असतं. पण त्या आणि डॉ. अभय बंग गडचिरोलीला गेले आणि 1986 साली त्यांनी 'सर्च' ही संस्था काढली. दोन गावांतल्या 650 बायका आणि मुलींची तपासणी झाली. त्यांतल्या 92 टक्के जणींना कसला ना कसला स्त्रीरोग होता, आणि सरासरी काढली तर एकेकीला तीनाहून जास्त. याआधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. जानेवारी 1989 मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

आकडे बाजूला ठेवून एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. त्या काळात सरकारी खात्याला बाईकडून हवी होती नसबंदी, नाहीतर तांबी. कर्मचाऱ्याला वर्षाचं लक्ष्य ठरवून दिलेलं. आत आधीच जंतुसंसर्ग आहे का, हे न बघताच तांबी बसवली की दुखणं वाढणार, बाई ती काढून घेणार आणि चार जणींना सांगणार, "नको गं बाई, लय त्रास होतो." मग अहवालात लिहायचं, अडाणी बायका ऐकत नाहीत. राणीताईंच्या तपासणीनं हा आरोप उलटवला. ऐकत नव्हतं ते खातं.

सप्टेंबर 1994 मध्ये कैरोत 179 देश लोकसंख्येवर बोलायला जमले, तेव्हा त्या परिषदेची सूत्रं एका बाई डॉक्टरकडेच होती. पाकिस्तानच्या डॉ. नफीस सादिक, जन्म मात्र आपल्याकडच्या जौनपूरचा. लोकसंख्येचं लक्ष्य मागे सारून बाईचं आरोग्य आणि तिचा हक्क पुढे आणण्याचा ठराव तिथं झाला. 1996 मध्ये भारतानंही नसबंदी-तांबीची लक्ष्यं काढून टाकली. कैरोचं सगळं श्रेय दोन गावांना देणं भाबडेपणाचं होईल; अनेक देशांतल्या बायका त्यासाठी वर्षानुवर्षं भांडत होत्या. पण "आमच्या बायकांना तसलं काही नसतं" असं म्हणायची सोय गडचिरोलीच्या आकड्यांनी ठेवली नाही. आंतरराष्ट्रीय नेतृत्व म्हटलं की आपण परिषदा आणि पदं मोजतो. मला त्या तपासणीच्या टेबलाचं मोल जास्त वाटतं.

बायकांच्या दुखण्यासाठी झटणारी बाई डॉक्टर सुरतेला तर नवी नाही. डॉ. रखमाबाई राऊत 1894 साली लंडनहून डॉक्टर झाल्या आणि लवकरच इथल्या बायकांच्या दवाखान्यात रुजू झाल्या. अकराव्या वर्षी लागलेलं लग्न मान्य नाही, हवं तर तुरुंगात जाईन, असं 1887 मध्ये मुंबईच्या हायकोर्टाला सांगणारी हीच ती बाई. त्या खटल्याची चर्चा इंग्लंडपर्यंत पोचली होती. इथं मात्र पेशंटच येईनात. बाळंतपणाला दवाखान्यात जायचं म्हणजे जिवावरचं, अशी समजूत. तेव्हा त्यांनी एका गाभण शेळीला दवाखान्यात आणून तिची सुटका करून दाखवली, अशी गोष्ट सांगतात. सुरतेत दोन दशकांहून अधिक काळ काढून त्या राजकोटला गेल्या. या शहरातल्या मराठी माणसाला खटल्याची रखमाबाई ऐकून तरी ठाऊक असते. सुरतेतली सेवा फारशी कुणाच्या गावी नसते, याचं मला वाईट वाटतं.

आता बाळंतपणाला दवाखान्यात जायला कुणाला शेळी दाखवावी लागत नाही. अडतं ते बाळंतपण सोडून उरलेल्या आयुष्याशी. मूल व्हायचं असलं की अख्खं घर रिक्षात बसतं. पांढरं जाण्यासाठी कोण अर्ध्या दिवसाची मजुरी सोडणार? महापालिकेची आरोग्य केंद्रं आपल्या भागात आहेत, पण तिथवर जायला आधी घरात कुणीतरी विचारायला हवं. तेव्हा आज आई, बायको, सून, जी कुणी घरी असेल तिला विचारा. "काही नाही" म्हणाली तर उद्या पुन्हा विचारा. आणि ती बोललीच, तर त्या दिवशी साड्या राहू द्या आणि तिच्यासोबत केंद्रावर जा.