धूर आणि दोष

कार्तिकाच्या सुमारास पंजाबातील भातशेते पेटतात, दिल्लीपर्यंत धूर दाटतो आणि आम्ही अधिकारी मंडळी निवाडा देतो, ‘शेतकरी बेजबाबदार आहे.’ हा निवाडा आम्हांस घाईचा वाटतो. भूजल वाचावे म्हणून २००९ साली तेथे कायदा झाला व १० जूनपूर्वी भातलावणीस मनाई झाली. हेतू स्तुत्यच. परंतु लावणी लांबली तशी कापणीही लांबली, आणि गव्हाच्या पेरणीपूर्वी जेमतेम दोन-तीन आठवडे हाती उरले. त्यात कापणीयंत्र धसकटे उभीच सोडते. कोकणात पेंढा गुरांच्या मुखी जातो व शेणखत होऊन शेतात परततो; पंजाबात गुरांना गव्हाचा भुसा घालण्याची रीत. तेव्हा काडी लावणे हाच स्वस्त मार्ग उरतो.

म्हणून धूर निर्दोष ठरत नाही. कोणा बालकाचा श्वास त्याने कोंडतोच. परंतु पाणी सर्वांसाठी वाचवावे आणि त्याचे मोल एकट्या शेतकऱ्याने द्यावे, हा न्याय नव्हे. दंडाच्या हुकमावर सही करणाऱ्या हाताने पेंढा उचलण्याचा खर्चही समाजाच्या खाती मांडावा. एरवी तो दंड म्हणजे आपला दोष दुसऱ्याच्या माथी मारणेच होय.