भयाचा परमुलूख

भयानक रसाची चर्चा करताना अभिनवगुप्ताने शाकुंतलातील पळत्या हरणाचे उदाहरण घेतले आहे. दुष्यंताच्या रथापुढे जिवाच्या आकांताने धावणाऱ्या त्या हरणाचे भय प्रेक्षकाला जाणवते, ते अमुक वनातल्या अमुक हरणाचे म्हणून नव्हे. देशकालाच्या उपाधी गळून पडतात आणि केवळ भय उरते. म्हणूनच ते आस्वाद्य ठरते. परमुलखात संकटात सापडलेल्या तरुण प्रवाशांच्या भयकथा या साधारणीकरणाच्या उपपत्तीपुढे एक अडचण उभी करतात. त्यांतील भयाला देशाची उपाधी टाकताच येत नाही, कारण परका देश हेच तिथे भयाचे आलंबन असते. रस्ता, भाषा, पाहुणचार, किंबहुना स्थानिक माणसाचे हसणेदेखील संशयास्पद झाल्याखेरीज ती कथा उभीच राहत नाही. येथे सौंदर्यशास्त्रीय अडचणीचे रूपांतर नैतिक प्रश्नात होते. ज्या भूमीला भयाचे आलंबन केले, तिच्यातील माणसांचे कलाकृती काही देणे लागते काय?

एलाय रॉथ या दिग्दर्शकाचा ‘हॉस्टेल’ (२००५) हा अल्प खर्चात निर्माण झालेला चित्रपट या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. दोन अमेरिकन तरुण आणि त्यांचा आइसलंडचा सोबती युरोपात भटकत आहेत. ॲमस्टरडॅममध्ये चैन करून झाल्यावर एका अनोळखी तरुणाच्या सांगण्यावरून ते स्लोव्हाकियातील एका वसतिगृहात येतात. तेथे त्यांचे अगत्याने स्वागत होते आणि मग एकेक जण नाहीसा होऊ लागतो. एका ओसाड कारखान्यात, पैसे मोजणाऱ्या श्रीमंतांना माणसे छळून मारण्याची सोय करून देणारी एक संस्था चालू असते. तिचे दर बळीच्या राष्ट्रीयत्वावर ठरतात. अमेरिकनाचा दर सर्वांत चढा.

हा दरफलक चित्रपटातील रक्तपातापेक्षा अधिक भयंकर आहे. प्रारंभी हे तरुण स्त्रीदेह विकत घेताना दिसतात. उत्तरार्धात त्यांचेच देह विकले जातात. गिऱ्हाईक हाच माल होतो, ही या कथेतील खरी नैतिक कलाटणी. याच सूत्रातून चित्रपटातील सर्वांत अर्थपूर्ण क्षण निर्माण होतो. खुर्चीला जखडलेला तरुण आपल्या छळकाशी त्याच्याच जर्मन भाषेत बोलू लागतो. छळक अस्वस्थ होतो आणि बळीचे तोंड बांधायला लावतो. वस्तू म्हणून विकत घेतलेला देह बोलू लागला, आपल्याच भाषेत बोलू लागला, की त्याला माणूस मानण्यावाचून गत्यंतर राहत नाही. म्हणून क्रौर्याला आधी भाषा बंद करावी लागते.

परंतु ही जाण चित्रपट स्वतःला लागू करीत नाही. स्लोव्हाकियातील माणसांचे तोंडही त्याने बांधूनच ठेवले आहे. तेथील तरुणी आमिष म्हणून येतात, पोलीस संस्थेला सामील असतात आणि पोरांच्या टोळ्या चघळायच्या गोळ्यांसाठी माणसे ठेचतात. ही पोरे अशी का झाली, गिऱ्हाइकांची संपत्ती याच देशातला कारखाना का निवडते, हे प्रश्न दाराशी येऊन परततात. चित्रपटातील आपल्या देशाच्या चित्रणावर स्लोव्हाकियातून आक्षेप घेतले गेले; आणि गंमत अशी की चित्रीकरण झाले होते शेजारच्या चेक प्रजासत्ताकात. परमुलूख अमुकच असण्याची गरज नसते. तो आपला नसला की पुरते.

‘ही तर केवळ करमणूक, भयाचा खेळ’ असे यावर म्हटले जाईल. वऱ्हाडातल्या वाचकाला मात्र हे उत्तर सहज मान्य होऊ नये, कारण अशाच एका खेळात त्याचा मुलूख पूर्वी परमुलूख झालेला आहे. निजामाच्या सेवेत असलेल्या फिलिप मेडोज टेलरची ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी १८३९ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. बंदिवान अमीर अली साहेबाला आपली हकीकत सांगतो आणि दख्खनच्या वाटांवर गोड बोलून सोबत करणारा प्रत्येक सहप्रवासी इंग्रज वाचकाच्या मनात गळ्याभोवतीचा रुमाल होऊन बसतो. टेलरने आपल्या नायकाला निदान जीभ दिली. पण ती साहेबासमोरची जीभ होती. तिने काय बोलावे हे ऐकणाऱ्याच्या सत्तेने आधीच ठरविलेले होते.

वाटमारी नव्हतीच, प्रवासी मारले जात नव्हते, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. प्रश्न वेगळा आहे. १८३६ च्या तिसाव्या कायद्यान्वये ठगांच्या टोळीशी संबंध सिद्ध होणे हेच जन्मठेपेला पुरेसे झाले. अमुक खून अमुक माणसाने केला हे दाखविण्याची गरज उरली नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ही विचारसरणी पुढे नेली आणि भटक्या समूहांवर जन्मानेच गुन्हेगारीचा शिक्का मारण्याची वाट मोकळी केली. १९५२ साली कायदा गेला. पण पारध्याच्या पालाकडे पाहणाऱ्या गावाच्या नजरेतला शिक्का कायद्याबरोबर गेला नाही. हे सारे एका कादंबरीने घडविले असे नव्हे. मात्र जिथे कायद्याला पुरावा अनावश्यक वाटू लागतो, तिथे लोकमनात एक भयकथा आधीच वस्तीला आलेली असते.

त्या कथेची उलटी बाजू १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे दिसली. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना, मुले पळविणारे समजून, जमावाने ठार केले. मोबाइलवरून पसरलेली अफवा ही एक छोटेखानी भयकथाच होती. तिच्यात आलेला प्रवासी हाच राक्षस होता आणि गाव निष्पाप. ‘हॉस्टेल’मध्ये प्रवासी निष्पाप आणि गाव राक्षस. भूमिका उलटल्या, रचना तीच राहिली: एका बाजूला चेहरा, दुसऱ्या बाजूला केवळ भय. त्या हत्येची दृश्येही मोबाइलवर फिरली. पैसे मोजून मरण पाहणारे चित्रपटातील गिऱ्हाईक आणि फुकट मिळालेले मरण पाहून पुढे धाडणारा प्रेक्षक यांत अंतर किती, हा प्रश्न कोणत्याही भयपटापेक्षा अस्वस्थ करणारा आहे.

बाळापूर हे वाटेवरचे गाव. नागपूर-सुरत महामार्ग तेथून जातो. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर किल्ला उभा आहे आणि नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाने ओळखली जाणारी छत्री आहे. किल्ला आणि छत्री, दोन्ही परक्याच्या येण्याशी निगडित. किल्ला त्याच्या भयाने बांधला जातो. आंबेरहून फौज घेऊन दक्षिणेत उतरलेल्या एका परक्याच्या नावाची छत्री मात्र येथल्यांनी आपली म्हणून सांभाळली आहे. भय खोटे आहे, त्याचा त्याग करावा, असा उपदेश येथे अभिप्रेत नाही. अनोळखी मुलखात पाऊल टाकणाऱ्याला आणि अनोळखी पाऊल दारात वाजलेल्यालाही भय वाटणारच. ते दोघांचेही समान आहे. भयकथेची नैतिकता ती किती घाबरवते यावर ठरत नाही. तिने या दोघांच्याही भयाला जागा दिली की एकाचे भय दुसऱ्याचा गुन्हा ठरविला, यावर ठरते.

शाकुंतलातील त्या प्रसंगाकडे पुन्हा पाहावे. रथातून आलेला राजा हा त्या वनात बाहेरून आलेला आहे आणि शिकारीही तोच आहे. हरिण आश्रमाचे आहे, त्याला मारू नये, असे सांगत वनातले तापस आडवे येतात. राजा ऐकतो, बाण उतरवतो आणि मग त्याच आश्रमाचा पाहुणा होतो. साधारणीकरण हरणाच्या भयापाशी पूर्ण होते, हे खरे. पण नाटक तिथे थांबत नाही. ज्याच्या भूमीत आपण आलो त्याचा शब्द ऐकून घेणे, हे त्याचे पुढले पाऊल आहे. परमुलखाच्या बहुतेक भयकथा हे पाऊल टाकीत नाहीत आणि म्हणून त्यांतले भय रस न होता संशयच राहते.