टार्किनची बाहुली

माझ्या पुस्तकांच्या कपाटात चार इंची डार्थ व्हेडर उभा आहे. ओहायोतल्या मामाने 1980च्या सुमारास आणलेला. प्लास्टिकचा काळा झगा, उजव्या हातातून आतबाहेर सरकणारी लाल तलवार, तळपायाला खुंटीवर बसवायचं भोक. दिवा मागे असला तरी सावलीवरून ओळखू येतो.

तो केनर कंपनीने, ओहायोतल्याच सिनसिनाटीत, घडवला. व्हेडर ज्यातला खलनायक, तो 'स्टार वॉर्स' चित्रपट मे 1977मध्ये झळकला. नाताळपर्यंत बाहुल्या तयार होईनात, म्हणून कंपनीने पहिल्या चार बाहुल्यांची नुसती हमीपत्रं विकली, तीही पालकांनी घेतली. त्याच वर्षीचा स्पिलबर्गचा 'क्लोज एन्काउंटर्स' मात्र केनरच्या बर्नार्ड लूमिस यांनी नाकारला, असं सांगतात. खेळायला त्यात काही नव्हतं. हिशेब सरळ आहे: यानं हवीत, शस्त्रं हवीत, पात्रांची गर्दी हवी.

मला अस्वस्थ करते ती एकाच चित्रपटातली निवड. 1979पर्यंत 'स्टार वॉर्स'मधल्या गुत्त्यात बसलेला हॅमरहेड नावाचा परग्रहवासीसुद्धा बाहुली होऊन दुकानात आला. पडद्यावर तो काही क्षणच दिसतो. पण ज्याच्या हुकमाने आल्डेरान हा अख्खा ग्रह माणसांसकट नष्ट होतो, ज्याचं व्हेडरही ऐकतो, त्या टार्किनची बाहुली 1985ला केनरची ती बाहुल्यांची मालिका संपेपर्यंत निघालीच नाही. कारण उघड आहे. करडा गणवेश, बसलेले गाल, शांत आवाज. मुखवटा नाही, हातात काही नाही. ही भूमिका पीटर कुशिंगची. बूट चावत म्हणून बरेच प्रसंग त्याने सपाता घालून केले. सपाता घातलेला माणूस एक वाक्य बोलतो आणि जग संपतं! याहून खरं असं दुष्टपणाचं चित्र मी सिनेमात क्वचितच पाहिलं आहे.

केनरला मी दोष देत नाही. आपल्या मूर्तिकारांनीही देव आयुधांवरून आणि वाहनांवरून ओळखू यावा असाच घडवला. महिषासुराला शिंगं दिली, रावणाला दहा तोंडं. डोळ्यांना खूण लागते, आणि भक्तीला आकार. सगुणाची ही गरज मला खरी वाटते. पण पाप खुणेशिवायही वावरतं, हे व्यासांना ठाऊक होतं. द्यूतसभेत द्रौपदी प्रश्न विचारते तेव्हा विदुर आणि विकर्ण बोलतात, भीष्म धर्म सूक्ष्म आहे म्हणून थांबतात, धृतराष्ट्र ऐकत राहतो. त्या सभेत एकालाही शिंगं नव्हती. दुर्योधनाची मांडी चित्रात काढता येते. त्या वृद्धांचं मौन कसं काढणार?

म्हणून ज्या कथेत पाप चेहऱ्यावर दिसतं तीच बाहुल्यांसाठी निवडली जाणार, आणि मूल तीच हातात घेऊन वाढणार. त्याला वाटेल, वाईट माणूस लांबूनच ओळखता येतो. ही समजूत मला धोक्याची वाटते, कारण मोठेपणी त्याची गाठ टार्किनशीच जास्त पडणार आहे.

तेव्हा मुलांना व्हेडर जरूर घेऊन द्या. पण महाभारत सांगताना द्यूतसभा घाईने उरकू नका. कोण कोण गप्प बसलं, ते नावं घेऊन सांगा.