हे कोण?

आमच्या घरातले फोटो आधी लोखंडी पेटीत राहायचे. बाबांच्या काळातले, काळेपांढरे, कोपरे मुडपलेले. २००५ साली मी डिजिटल कॅमेरा घेतला आणि पेटीचं काम कॉम्प्युटरकडे गेलं. जुने फोटोही यवतमाळला नेऊन स्कॅन करून आणले. सगळं पिकासा नावाच्या प्रोग्राममध्ये लावून ठेवलं. २००९ पासून पिकासा चेहरे ओळखायला लागला. तो एकेक चेहरा समोर धरायचा. आपण नाव लिहायचं, नाहीतर फुलीवर बोट दाबायचं. फुली म्हणजे हा माणूस नको, पुन्हा विचारू नकोस.

बाभुळगाव तालुक्यातल्या आमच्या खेड्यात तेव्हा दिवसातून सहा-सात तास लाइट जायची. मी शाळामास्तर, घरी कपाशीची शेती. उन्हाळ्याच्या सुट्टीत लाइट असली की बसून मी नावं लिहायचो. बाबा, माय, काका, आत्या, भाचे. बाकीच्यांवर फुली.

२०१६ मध्ये गूगलने पिकासा बंद केला. माझा जुना कॉम्प्युटर मात्र चालत होता, म्हणून मी हललो नाही. गेल्या दिवाळीत तोही धापा टाकायला लागला. पुण्याहून आलेली पोरगी म्हणाली, "बाबा, मशीन बसलं तर सगळं जाईल. आत्ताच हलवू." तिने नव्या लॅपटॉपवर डिजिकॅम घातला. जगभरातले लोक मिळून तो बनवतात, पैसे पडत नाहीत. मी लिहिलेली नावं आधी पिकासातून फोटोंच्या फायलींमध्येच लिहून घ्यावी लागली, तेव्हा ती सोबत आली. अकरा हजार फोटो हलायला रात्र गेली.

सकाळी पाहतो तर दोन गोष्टी झालेल्या. पिकासात मी काही फोटो कातरले होते. पण पिकासा मूळ फोटोला हात लावत नसे, 'इथून कापून दाखव' एवढं बाजूला टिपून ठेवत असे. ते टिपण नव्या प्रोग्रामला वाचता येत नव्हतं, म्हणून कातरलेल्या कडा परत आल्या होत्या. आणि माझ्या फुल्याही आल्या नव्हत्या. फुली मारलेले सगळे चेहरे 'अनोळखी' म्हणून पुन्हा रांगेत उभे होते.

पोरीने चहाचा कप ठेवला आणि एका चेहऱ्यावर बोट ठेवलं. "बाबा, हे कोण? हे तर सगळीकडेच आहेत."

ते आमचे सालदार होते. पाडव्याला साल ठरायचं, थोडे पैसे, थोडी ज्वारी. अशी एकोणीस सालं त्यांनी आमच्याकडे काढली. माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, तरी आम्ही त्यांना अरे-तुरे करत होतो. चार वर्षांपूर्वी ते गेले.

आम्ही मोजलं. १४३ फोटोंत ते होते आणि त्यांचा म्हणून काढलेला एकही नव्हता. पोळ्याच्या फोटोत कासरा धरलेले. मी तो फोटो बैल आणि बाबा एवढाच कातरला होता. कापूस मोजताना काट्यामागे उभे. विहिरीवर मोटर बसवताना खाली वाकलेले. दोन-तीन ठिकाणी तर डिजिकॅम त्यांच्यापुढे माझ्या बाबांचं नाव सुचवत होता, तेच का म्हणून विचारत होता. तीच पांढरी दाढी, तीच टोपी. मालक कोण आणि गडी कोण, हे त्याला कसं कळणार?

नव्या प्रोग्राममध्येही चेहरा दुर्लक्षित करायची सोय आहे. पोरीने विचारलं, "करू?"

मी लगेच बोललो नाही. मनात वाद सुरू झाला. लग्नातल्या वऱ्हाड्यांवर, बाजारातल्या गर्दीवर फुली मारावीच लागते. सगळ्या जगाची नावं कोण लिहीत बसेल? न ओळखणं हा काही गुन्हा नाही. आणि त्या फुलीने त्या माणसाचं तेव्हा काय बिघडलं? त्यांना ती कधी कळलीसुद्धा नाही. मजुरी बुडवली नाही, शिवी दिली नाही. मग खुपतंय काय?

विचार करता करता एक गोष्ट लक्षात आली. वऱ्हाड्यांना मी ओळखत नव्हतो म्हणून फुली मारली. यांना ओळखत होतो आणि तरी मारली. माहीत नसणं वेगळं आणि माहीत असून मोजायचं नाही असं ठरवणं वेगळं. दुसरं असं की हा संग्रह माझ्या मागेही राहणार. उद्या माझ्या नातीने त्यात शोधलं, तर ज्यांची नावं सापडतील तेच या शेतात राबले असं ती समजेल. नांगर धरलेला माणूस तिच्या शोधात येणारच नाही. म्हणजे मी फोटो नुसते जपत नव्हतो, खोटा सातबारा लिहीत होतो.

"नाव लिही," मी म्हणालो. तेव्हा कळलं, मला त्यांचं हाक मारायचंच नाव माहीत आहे. पुरं नाव माहीत नाही.

म्हणून बाभुळगावात वीस फोटो छापून घेतले आणि त्यांच्या घरी गेलो. भिंतीवर हार घातलेला फोटो होता. मतदान कार्डावरचा मोठा केलेला, पुसट, डोळे वटारलेले. घरात दुसरा फोटोच नव्हता. त्यांच्या बायकोने पाकीट उघडलं. एका फोटोत त्यांच्या खांद्यावर माझी चार वर्षांची पोरगी बसलेली, आणि ते तोंडभर हसताहेत.

"अवं, हे तं हासून राह्यले!" ती माय म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

मला वाटलं, बरं काम झालं. तेवढ्यात त्यांच्या मुलाने तो फोटो हातात घेतला. बराच वेळ पाहिला.

"भाऊ, तुमची पोरगी अन् मी एकाच सालचे. बाबानं मले असं खांद्यावर घेतलेलं काही आठवत नाही. सकाळी आमी उठाच्या आंधी ते तुमच्या वावरात, अन् राती आमी झोपल्यावर घरी."

तो रागाने बोलला नाही. हवापाण्याचं बोलावं तसं बोलला. मला उत्तर सुचलं नाही, आणि अजूनही सुचलेलं नाही. फोटो परत दिल्याने फोटोतलं परत देता येत नाही. ते हसू त्यांचं होतं, पण ते हसले तो वेळ आम्ही साल ठरवून विकत घेतलेला होता.

निघताना मी पुरं नाव विचारून घेतलं आणि म्हटलं, "मी आठवणी लिहून राह्यलो. पुस्तकात यांचं नाव टाकू का?"

पोरगा माईकडे पाहून म्हणाला, "पुस्तकात नका टाकू, भाऊ. फोटोत टाका."

म्हणून इथे ते नाव नाही. रात्री पोरीने लॅपटॉप उघडला, मी सांगितलं आणि तिने १४३ ठिकाणी ते पुरं लिहिलं. मग रांगेतला पुढचा चेहरा आला. कापूस वेचणारी एक बाई, कमरेला ओटी बांधलेली. "हे कोण?" पोरीने विचारलं. मी चष्मा पुसला आणि आठवायला लागलो.