अर्थाआधीचा रस

गाण्याचे एक अक्षरही कळत नसताना ते मनाला भिडते, तेव्हा जे भिडते ते नेमके काय, हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. कारण माणसाचे अंतःकरण त्याच्या भाषेच्या कुंपणात बंदिस्त आहे की त्या कुंपणापलीकडेही त्याचा काही मुलूख आहे, याचा निकाल त्या प्रश्नात गुंतलेला आहे. आंदर मावळात तर तो आता पोथीतला राहिलेलाच नाही. ठोकळवाडीच्या जलाशयाकडून वडेश्वर, टाकवे करीत जी तरुण मुले-मुली सकाळी कॉलेजासाठी किंवा कारखान्यातील पाळीसाठी कान्हे स्टेशन गाठतात, त्यांतील काहींच्या कानांत आज कोरियन गाणी असतात. तळेगावचा मोटारींचा कारखाना 2024 मध्ये ह्युंदाई या कोरियन कंपनीच्या ताब्यात आला खरा. पण कारखाना करारनाम्याने येतो, गाणे मात्र कोणत्याही परवान्यावाचून, एकामागून एक असे, ऐकणाऱ्याच्या नकळत येते.

ही गाणी का आवडतात असे विचारले, तर उत्तर बहुधा दुहेरी मिळते: गाणे स्टायलिश आहे आणि त्याचा मूड सुंदर आहे. शब्द आजचे असले, तरी त्यांमागचा वाद हजार वर्षांहून जुना आहे. काश्मीरच्या जयापीड राजाच्या पदरी असलेल्या वामनाने रीतीला, म्हणजे पदरचनेच्या विशिष्ट वळणाला, काव्याचा आत्मा मानले. पुढे नवव्या शतकात, अवंतिवर्म्याच्या कारकिर्दीत, आनंदवर्धनाने तो मान ध्वनीला, म्हणजे शब्दांतून सूचित होणाऱ्या अर्थाला, आणि त्यातही रसध्वनीला दिला. गाण्याचा प्राण त्याच्या घाटात की त्यातून उमटणाऱ्या भावात, हा वाद सोलच्या गाण्यांनी आपल्या दारी पुन्हा आणून उभा केला आहे.

या गाण्यांचा शोध घेत मागे मागे गेले, म्हणजे यू जे-हा याच्यापाशी थांबावे लागते. संगीतरचनेचे रीतसर शिक्षण घेतलेल्या या तरुणाने 1987 मध्ये एकच संग्रह काढला आणि त्याच वर्षी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो अपघातात गेला. परंतु त्याने रुजवलेली मृदू, अनपेक्षित वळणे घेणारी स्वरसंगती कोरियन भावगीताची वहिवाटच होऊन बसली. किम ह्यून-चोल याचे चुनचोनला जाणाऱ्या आगगाडीवरचे 1989 मधील गाणेही असेच. चुनचोन हे धरणांच्या जलाशयांनी वेढलेले शहर, आणि गाणे सरलेल्या प्रेमाच्या आठवणीचे. यातले काही ठाऊक नसलेल्या माणसाने ते पावसाळ्यात, धुक्याने डोंगर झाकलेले असताना, लोणावळा-पुणे लोकलमध्ये ऐकले, तरी काहीतरी मागे सुटत चालल्याची गोड हुरहूर त्याच्या मनात उभी राहते. ती त्याला कोणी सांगितली?

आनंदवर्धनाने याचे उत्तर आपल्या ध्वन्यालोक या ग्रंथाच्या तिसऱ्या उद्द्योतात, म्हणजे प्रकरणात, देऊन ठेवले आहे. शब्दाची थेट अर्थ सांगणारी वाचकशक्ती आणि अर्थ सुचवणारी व्यंजकशक्ती भिन्न आहेत, हे सिद्ध करताना त्याने दाखला दिला तो गीतध्वनीचाच: त्यात कोशातला अर्थ नसतो, तरीही त्यातून रस व्यक्त होतो. त्याच परंपरेतल्या भट्टनायकाने साधारणीकरणाचा सिद्धांत मांडला. कलेत भाव कोणा एकाच्या मालकीचा राहत नाही, सोलच्या गायकाचा राहत नाही आणि टाकव्याच्या श्रोत्याचाही राहत नाही. किर्लोस्करांनी 1880 मध्ये पुण्यात मराठी रंगभूमीवर आणलेल्या शाकुंतलात दुष्यंताची हीच अवस्था आहे: हंसपदिकेचे गाणे कानी पडताच, शकुंतलेचे विस्मरण झालेले असूनही, तो अकारण व्याकुळ होतो. बुद्धीला जे आठवत नाही, ते गाण्याला ठाऊक असते.

यावर दोन आक्षेप आहेत, आणि दोन्ही दखलपात्र आहेत. पहिला असा, की ही गाणी कंपन्या घडवतात, गायकांना वर्षानुवर्षे तालीम देऊन बाजारात उभे करतात. तेव्हा हा रस नव्हे, व्यापार आहे. परंतु पाथरवटाने मजुरी घेऊन घडवली म्हणून विठोबाच्या मूर्तीसमोर जोडलेले हात खोटे ठरत नाहीत. दुसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा: जे कळत नाही त्यात रमणे हा मोह आहे. त्यांनी गावातल्या हरिनाम सप्ताहाचे स्मरण करावे. 1290 मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसलेल्या किती माउलींना प्रत्येक ओवीचा शब्दार्थ उलगडतो? तरीही त्यांचे डोळे भरून येतात, आणि त्या अश्रूंना अज्ञान म्हणण्याचे धाडस कोणी करीत नाही. मोह आणि रस यांची कसोटी अर्थज्ञान ही नव्हेच. मोह माणसाला स्वतःभोवती आवळतो, रस त्याला स्वतःतून मोकळा करतो. ही कसोटी अभंगाला लावावी आणि कोरियन गाण्यालाही लावावी.

परक्याला आपल्या भावात सामावून घेण्याची सवय या भूमीला नवी नाही. याच मावळात, कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर, धेनुकाकटाच्या यवनांनी दिलेल्या दानांचे प्राकृत लेख आहेत. दूर देशीचे नाव धारण करणाऱ्या त्या माणसांनी इथल्या बौद्ध धर्माला स्तंभ अर्पण केले, आणि पुढे तोच धर्म 372 मध्ये कोरियाच्या कोगुर्यो राज्यात पोहोचला.

मात्र रस अर्थाआधी येतो, याचा निष्कर्ष अर्थ अनावश्यक आहे असा काढू नये. जे गाणे आपली ओळख न विचारता आपल्याला काही देऊन जाते, त्याचे आपल्यावर ऋण राहते. आणि ते फेडण्याचा मार्ग एकच, की त्याच्या भाषेकडे, ती बोलणाऱ्यांच्या सुखदुःखांकडे, आदराने वळावे. कोरियाच्या सेजोंग राजाने 1446 मध्ये आपल्या प्रजेसाठी जाहीर केलेली ती सुबोध लिपी आंदर मावळातले एखादे मूल अशा गाण्यापायी शिकू लागले, तर ते आपल्या परंपरेपासून दूर गेले असे मी म्हणणार नाही. सहृदयाचे, म्हणजे दुसऱ्याच्या भावाशी तन्मय होणाऱ्या रसिकाचे, जे लक्षण आपल्या शास्त्रकारांनी सांगितले, त्याचेच ते आचरण आहे.